जळीत वॉर्डच्या सानप सिस्टर

सानप सिस्टर गेल्याची बातमी आली आणि आमच्या वसाहतीनं लगेच शोकसभा घेतली. अशा बाबतीत आमची वसाहत फार तत्पर आहे. अध्यक्ष घोडके साहेबांनी बीडहून फलक छापून आणला. त्यावर सिस्टरांच्या फोटोखाली 'मायाळू, मृदुभाषी, सर्वांच्या लाडक्या' असं लिहिलं होतं. फोटोतल्या सिस्टर कपाळाला आठी घालून बघत होत्या, त्यामुळे खालचा मजकूर दुसऱ्याच कुणाचा तरी चुकून तिथं चिकटलाय असं वाटत होतं. ज्यांना ज्यांना त्यांनी 'बिनडोक' म्हटलं होतं ते सगळे एकेक करून बोलले आणि त्यांनी डोळे पुसले. शेवटी घोडके साहेबांनी प्रत्येकाच्या हातात एकेक मेणबत्ती दिली. ऐन मार्चमध्ये, सुटलेल्या वाऱ्यात, वाळून कडकडीत झालेल्या लॉनवर आम्ही पेटत्या मेणबत्त्या घेऊन उभे राहिलो. हमीदभाई माझ्या कानाशी लागून म्हणाले, "मास्तर, बाई आसती ना, तर आत्ता बादली पडली आसती आपल्यावर."

पडलीच असती. मृदुभाषी बाईबद्दल बोलणारे त्या दिवशी पुष्कळ होते. मला जी बाई माहीत होती तिच्याबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

आमची वसाहत बीडजवळच्या पालीच्या पुढं, बिंदुसरा धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या उतारावर आहे. प्लॉट विकताना माहितीपत्रकावर 'जंगलाच्या कुशीत' असं छापलं होतं. जंगल म्हणजे वनखात्याची टेकडी. खुरटे साग, धावडा, सीताफळीची झुडपं, वनखात्यानं लावलेलं गिरिपुष्प आणि या सगळ्याच्या मधून कमरेएवढं कुसळी गवत. पावसाळ्यात तिथं पाहुण्यांना आणून फोटो काढावेत इतकं छान दिसतं. दिवाळीनंतर ते पिवळं पडतं. होळी येईपर्यंत अख्खा डोंगर नुसत्या एका काडीची वाट बघत बसलेला असतो. आणि त्याच्या कुशीत आम्ही. बीडला नोकऱ्या संपवलेले, भविष्यनिर्वाह निधीतून बंगले बांधलेले, झाडांवर अतोनात प्रेम असलेले आणि झाडांची पानं पडतात या गोष्टीचा अतोनात राग असलेले लोक. मी हायस्कुलात भूगोल शिकवायचो. माझ्या उजव्या हाताला हमीदभाईंचं घर. त्यांचा बीडच्या मंडईत फळांचा मोठा व्यापार. डाव्या हाताचा, जंगलाला अगदी चिकटलेला प्लॉट बरेच दिवस रिकामा होता. तिथं सिस्टर राहायला आल्या.

आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घोडके साहेब फाटकापाशी पालापाचोळा जाळत होते. घोडके साहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, पण आवाजातून निवृत्त झालेले नाहीत. काठीनं पानं सारून ते जाळाकडे मोठ्या समाधानानं बघत होते. तेवढ्यात ठेंगणी, जाडसर, फुलाफुलांची सुती साडी आणि पायात नर्सचे पांढरे कॅनव्हासचे बूट घातलेली एक बाई बादली घेऊन तरातरा आली आणि ती बादली तिनं ढिगावर उपडी केली. राखेचे शिंतोडे साहेबांच्या लेंग्यावर उडाले.

"अहो, हे काय करताय?"

"इजिवते. कुनी पेटिवलं हे?"

"मी. रोजच जाळतो."

"रोज जाळता? आन् आजून जित्ते हाय?"

साहेब ताठ झाले. "बाई, मी या वसाहतीचा अध्यक्ष आहे."

सिस्टरांनी त्यांना वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "मग तर लईच अवघड हाय." आणि बादली घेऊन गेल्या.

ही त्यांची ओळख. पुढं कळलं की त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या आणि नोकरीची बहुतेक वर्षं त्यांनी जळीत वॉर्डात काढली. इतर नर्सा तिथून बदली मागायच्या, या बाईंनी कधी मागितली नाही. एक लेक अंबाजोगाईला दिलेली. नवऱ्याचं काय झालं ते विचारायची कुणाची छाती झाली नाही.

त्या कुणाच्या घरी गेल्या की आधी गॅसची नळी बघायच्या, मग छपरावर साठलेली पानं, आणि मग जमलं तर माणसाकडे. सकाळी उठल्याबरोबर अंगणात उभ्या राहून नाक वर करून हवा हुंगायच्या. कुठं धुराचा वास आला की बुटांचा आवाज सुरू. माझ्या बायकोनं हौसेनं बागेत गवताच्या छपराची पर्णकुटी करून घेतली होती, संध्याकाळी चहा प्यायला. सिस्टरांना ती दाखवायला नेली. त्यांनी छपराची काडी मोडून बोटांत चुरगाळली आणि म्हणाल्या, "छान हाय. पर सरणाला छप्पर कशाला लागतंय?" बायको त्यांच्याशी महिनाभर बोलली नाही. छप्पर काढून पत्रे टाकले ते मात्र त्याच आठवड्यात.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "आग आपोआप लागत न्हाई. कुनीतरी लावतंय, न्हाईतर कुनीतरी लागू देतंय." वणव्याची बातमी कुणी वाचून दाखवली आणि तिच्यात 'अचानक' हा शब्द आला, की त्या नाक मुरडायच्या. हमीदभाई एकटेच त्यांना पुरून उरायचे.

"सिस्टर, सारी दुनियेत तुमी येकट्याच शहाण्या का?"

"दुनियेचं मला म्हाईत न्हाई. या गल्लीत हाय."

घोडके साहेबांनी मात्र बादलीचा अपमान मनावर घेतला. वसाहतीच्या सुरक्षेची काळजी आपल्याला जास्त आहे हे सिद्ध करायला त्यांनी 'वणवामुक्त वसाहत अभियान' काढलं. अभियान म्हणजे काय? मंडप, भगवे टी-शर्ट, एक पुढारी, एक ध्वनिक्षेपक आणि आग विझवायचं लाल रंगाचं एक नळकांडं. साहेबांनी वणव्याचे दुष्परिणाम सांगितले. पुढाऱ्यांनी वणव्याचा तीव्र निषेध केला. मग प्रात्यक्षिक. पत्र्याच्या तबकात वाळलं गवत पेटवलं गेलं आणि साहेबांनी नळकांड्याची कडी ओढली. नळकांड्यानं एक सुस्कारा सोडला आणि चिमूटभर पांढरी पूड पुढाऱ्यांच्या बुटांवर पडली. तबकातला जाळ वाढत चालला तसे पुढच्या रांगेतले लोक मागच्या रांगेत जाऊ लागले. शेवटी पुढाऱ्यांच्या ड्रायव्हरनं चहाची किटली त्यावर रिकामी केली. टाळ्या झाल्या. टाळ्या कुणासाठी होत्या ते कळलं नाही, पण साहेबांनी हात जोडले.

सिस्टर मागून उभ्या राहिल्या. "पानी कुठंय?"

"पाण्याच्या मोठ्या टाकीला मंजुरी मिळालेली आहे," साहेब म्हणाले.

"आग लागल्यावर मंजुरी फवारायची का?"

लोक हसले. साहेब लाल झाले, पण त्या दिवशी त्यांच्याकडेही उत्तर होतं. "सिस्टर, तुम्ही सगळ्यांना शिकवता. या वसाहतीत आंघोळीच्या पाण्यासाठी रोज सकाळी लाकडावर बंब पेटवणारं घर एकच आहे, तुमचं. गॅसचा गीझर तुम्हाला चालत नाही. आधी त्या बंबाचं बघा."

मुद्दा बिनतोड होता. पण इतकी वर्षं निरर्थक बोलल्यामुळे साहेबांच्या खऱ्या बोलण्याकडेही कुणी लक्ष देत नसे. सिस्टर म्हणाल्या, "माझ्या बंबाची राख मी पानी मारून खड्ड्यात टाकते. तुमच्या डोस्क्यात जागा आसती तर तितं टाकली आसती." पुन्हा हशा पिकला आणि मुद्दा त्यात वाहून गेला. जेवणं झाल्यावर सगळ्या पत्रावळी अभियानाच्या लोकांनी मागच्या गवतात फेकल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या साहेबांच्या व्हरांड्यात एकावर एक रचून ठेवलेल्या सापडल्या.

मेंढरांची भानगड त्यानंतरची. डोंगराच्या वरच्या सपाटीवर दगडू नावाच्या मेंढपाळाचं वाडगं, म्हणजे मेंढरांचा वाडा, होता. तो, त्याची बायको सरजा आणि मेंढरं. पूर्वी ती वसाहतीच्या मोकळ्या प्लॉटांमधून चरत जायची. एकदा कुणाचे तरी गुलाब खाल्ले म्हणून वसाहतीनं ठराव करून मेंढरांना बंदी घातली. ठरावात कारण मात्र 'मेंढपाळांच्या बिडीमुळे वणव्याचा धोका' असं घातलं. परिणाम असा झाला, की बिडी गेली आणि गवत छातीपर्यंत आलं. घरांच्या भिंतींना ते टेकायला लागलं.

घोडके साहेब आष्टीला एका लग्नाला गेले त्या दिवशी सिस्टरांनी वसाहतीचं मोठं फाटक सताड उघडलं आणि वर जाऊन दगडूला बोलावून आणलं. दगडू घाबरत घाबरत आला. मेंढरांना तशी भीती नव्हती.

"काडेपेटी काढ आधी," सिस्टर म्हणाल्या.

"बाई, येक तर बिडी..."

"काढ. घरी जाताना मिळंल."

त्यांनी काडेपेटी कमरेला खोचली आणि संध्याकाळपर्यंत छत्री घेऊन मेंढरांमागं हिंडल्या. एकेक मोकळा प्लॉट दाढी केल्यासारखा गुळगुळीत झाला. साहेब परत आले तेव्हा त्यांचं परदेशी बियाण्याचं लॉनही गुळगुळीत झालं होतं. ते सिस्टरांच्या दारात येऊन ओरडायला लागले.

"माझं लॉन कावून खाऊ दिलं?" रागानं साहेबांचीही भाषा सुटली.

"मेंढरांला काय ठाव ते तुमचं हाय म्हनून. त्याच्यावर पाटी न्हवती."

साहेबांनी तक्रारी केल्या, पण पुढं मेंढरांना कुणी अडवलं नाही. फुकटात गवत कापून मिळतंय म्हटल्यावर लोकांची बिडीची भीती आपोआप गेली. दगडूबद्दल सिस्टरांना काही प्रेम होतं असंही नाही. "येक नंबर लबाड हाय, दोन काडेपेट्या बाळगतो," असं त्या म्हणायच्या आणि रोज त्याचे दोन्ही खिसे तपासायच्या. सरजा मात्र त्यांना आवडायची असा माझा अंदाज. तिला त्या कमी शिव्या द्यायच्या.

एका संध्याकाळी आमच्या ओट्यावर मी, हमीदभाई आणि सिस्टर बसलो होतो. हमीदभाईंनी सरळच विचारलं, "सिस्टर, येवढा गुस्सा कावून? लोकं पानं जाळत्यात, पोरगी थोडीच जाळत्यात?"

सिस्टर म्हणाल्या, "आमच्या वॉर्डात बायका यायच्या. साऱ्याजनींचं येकच. स्टोव्हचा भडका उडाला. ज्यांच्या घरी गॅस आलता, त्याबी तेच म्हनायच्या. खाटंजवळ सासू, नवरा हात जोडून हुबा. ती बाई त्यांच्याकडं बघायची आन् म्हनायची, माझ्याच हातनं झालं. भडका उडाला."

"मग तुमी काय करायच्या?" हमीदभाईंनी हळूच विचारलं.

"मलम लावायचे."

एवढं बोलून त्या उठल्या. जाता जाता आमच्या देवघराच्या खिडकीकडे बघून म्हणाल्या, "मास्तर, ती उदबत्ती पडद्यापासनं लांब ठिवा. सांगून जीभ झिजली."

आणि मग आग लागली.

चैत्रातली भर दुपार. पाचोळा उडवणारा वारा. मी जेवून आडवा झालो होतो, तेवढ्यात बुटांचा आवाज आला आणि पाठोपाठ सिस्टरांची हाक, "मास्तर, उठा! पोतं भिजवा!" बाहेर येऊन बघतो तर सिस्टरांच्या मागच्या कुंपणापलीकडं धूर. पिवळ्या गवतात ती आग दिसतही नव्हती, नुसती हवा थरथरत होती आणि कडकड आवाज येत होता. बघता बघता गवत काळं होत वर निघालं.

वसाहतीनं काय केलं ते सांगतो. घोडके साहेबांनी शिट्टी वाजवली आणि सगळ्यांना झेंड्याच्या खांबापाशी जमायला सांगितलं, मोजणीसाठी. अर्धे लोक जमले, अर्धे गच्चीवर जाऊन मोबाइलवर चित्रीकरण करू लागले. भगवे टी-शर्ट घातलेले दोघंजण आले, त्यांनी एकमेकांचा फोटो काढला. बीडच्या अग्निशमनला फोन गेला. आगीची एक जीभ वसाहतीकडेही वळली होती. मोकळ्या प्लॉटांपाशी आली, तिथं तिला खायला काही मिळालं नाही, दोन ठिकाणी धुमसून ती विझली. नंतर याचं श्रेय अभियानाला देण्यात आलं.

पण वारा डोंगराकडे होता आणि वर वाडगं होतं. दगडू मेंढरं घेऊन धरणाकडे पाण्यावर गेला होता. वाडग्यात सरजा एकटी होती आणि तिच्याजवळ कोकरं.

सिस्टर पायवाटेनं वर पळत सुटल्या. त्या वयात, त्या अंगानं. मी ओलं पोतं घेऊन त्यांच्यामागं धापा टाकत. हमीदभाईंनी आंब्याचे कॅरेट खाली फेकून पिकअपमध्ये पाण्याचे पिंप चढवले आणि लांबच्या रस्त्यानं निघाले. आम्ही पोचलो तेव्हा आग वाडग्याच्या खालच्या अंगाला लागली होती. वाडग्याचं कुंपण म्हणजे बाभळीच्या वाळलेल्या काट्या. ते भसकन पेटलं.

"सरजे, भाईर ये!" सिस्टर ओरडल्या.

"कोकरं हायती!"

"मरू दे कोकरं! भाईर ये!"

सरजानं ऐकलं नाही. वाडग्याच्या तोंडाशी आडवी पडलेली पेटती काटी तिनं उजव्या हातानं धरून बाजूला ओढली आणि कोकरांना पायानं ढकलत बाहेर काढू लागली. ती पुन्हा आत वळली तेव्हा सिस्टरांनी तिच्या पदराला धरून तिला अक्षरशः फरफटत खडकावर आणलं. बरीच कोकरं निघाली. सगळी नाही. आत राहिली त्यांचा आवाज आम्ही तिघांनी ऐकला. त्याबद्दल मला लिहायचं नाही.

हमीदभाईंचा पिकअप आला. सिस्टरांनी पिंपातलं पाणी सरजाच्या हातावर ओतायला सुरुवात केली आणि बीडच्या दवाखान्यापर्यंत सगळ्या वाटेत त्या ओतत राहिल्या. आग माथ्यापर्यंत खात गेली आणि पलीकडच्या डांबरी रस्त्यापाशी थांबली. त्यानंतर अग्निशमनची गाडी आली. तिनं राखेवर पाणी मारलं. घोडके साहेबांनी पाइपाला हात लावून फोटो काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी वनरक्षक चौकशीला आला. चांगला पोरगा होता, उन्हानं कंटाळलेला. वसाहतीच्या फाटकापाशी सगळे जमले. घोडके साहेबांचा निष्कर्ष तयार होता. "मेंढक्याची बिडी. आम्ही ठरावच केला होता. तो ठराव मोडून काही लोकांनी यांना आत घेतलं."

वनरक्षकानं दगडूकडे पाहिलं. "काय रे, बिडी पितो?"

दगडू हात जोडून उभा होता. बायको दवाखान्यात, कोकरं गेलेली, डोळे लाल. "पितो सायेब."

"मग तुझ्याच बिडीनं लागली का?"

"आसंल सायेब. माझ्याच हातनं झालं आसंल."

सिस्टर गर्दीच्या मागं होत्या. दवाखान्यातून त्या नुकत्याच आल्या होत्या, साडीवर काजळी तशीच. ते वाक्य ऐकून त्यांचा चेहरा असा झाला, की मी एक पाऊल मागं सरलो. लोकांना ढकलत त्या पुढं आल्या.

"गप रे तू!" त्या दगडूवर खेकसल्या. "दुपारी तू धरनावर व्हता. तितनं बिडी फेकलीस का हितवर?" मग वनरक्षकाकडे वळल्या. "माझ्या बंबाची राख. काल सकाळी नळाला पानी न्हवतं. लेकीचा फोन आला. मी राख खड्ड्यात टाकली, वरनं थोडी माती सारली आन् आत गेले. मागनं पानी मारते म्हनलं, ते ऱ्हायलं. चला, खड्डा दाखिवते."

घोडके साहेबांनी त्यांना बाजूला घ्यायचा प्रयत्न केला. खरं सांगतो, त्यांच्या आवाजात कळवळा होता. "सिस्टर, कशाला? वनखात्याचा गुन्हा आहे. वसाहतीचं नाव खराब होईल. पाणी नव्हतं, तुमची काय चूक? अज्ञात कारण लिहू द्या त्यांना."

"पानी न्हवतं, पर माती व्हती," सिस्टर म्हणाल्या. "घोडके साहेब, त्या दिशी बंबाचं तुमी बरूबर बोलला व्हता. मी तुमाला हसून उडवलं."

साहेबांना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी जाहीरपणे बरोबर म्हटलं होतं आणि त्याचा त्यांना कसलाही आनंद घेता आला नाही. ते नुसते चष्मा पुसत राहिले.

वनरक्षकालाही हे नको होतं. म्हातारी बाई, पेन्शनर, नसती कटकट. "आजी, नक्की आठवतंय का तुम्हाला?"

"मी आजी न्हाई, सिस्टर हाय. लिव. सुमन सानप. निष्काळजीपनानं राख टाकली. भडका उडाला आसं लिवू नको."

त्यानं लिहिलं. पुढं सिस्टर कोर्टात उभ्या राहिल्या, तिथंही हेच सांगितलं, दंड भरला. बंब त्यांनी स्वतः भंगारवाल्याच्या गाड्यावर ठेवला.

आता वसाहतीला तोंड फुटलं. इतके दिवस ज्यांच्या ढिगांवर बादल्या पडल्या होत्या ते सगळे एका रात्रीत आगीचे जाणकार झाले. 'दुसऱ्याला शिकवणारे' असा विषय निघाला, की लोक सिस्टरांच्या घराकडे बघून आवाज चढवायचे. एका गृहस्थांनी मुद्दाम त्यांच्या दारासमोर पाचोळ्याचा ढीग रचला आणि पेटवला. सिस्टर बादली घेऊन आल्या आणि ओतली.

"आधी स्वतःचं बघा बाई," ते म्हणाले.

"बगितलं," सिस्टर म्हणाल्या. "म्हनूनच सांगते."

सरजा दवाखान्यात राहिली नाही. मेंढरं टाकून ती कशी राहणार? पट्टी बांधून वर निघून आली. त्यामुळे सिस्टर रोज पिशवीत मलम, कापूस, पट्ट्या घेऊन काळ्या झालेल्या डोंगरावरून वर जायच्या. मी दोनचारदा सोबत गेलो. सरजा त्यांच्याशी बोलत नसे. हात पुढं करायची आणि तोंड दुसरीकडे फिरवायची. सिस्टर पट्टी सोडायच्या, पुसायच्या, मलम लावायच्या, एकेक बोट वेगळं गुंडाळायच्या. "बोटं हालव. न हालवलीस तर आखडतील, मग धार कशी काढशील?" सरजा हलवायची, वेदनेनं तिच्या डोळ्यांत पाणी यायचं, पण शब्द नाही. एकदाच म्हणाली, तेही डोंगराकडे बघत, "माझी कोकरं व्हती ती." सिस्टर म्हणाल्या, "व्हय." माफी वगैरे त्यांनी मागितली नाही. मागितली असती तरी सरजानं ती ठेवली कुठं असती?

पण राखेवर मेंढरं किती दिवस काढणार? दगडूनं वाडगं हलवायचं ठरवलं. धारूरकडे त्याची भावकी होती, तिकडं चारा होता. सिस्टर त्याला म्हणाल्या, "अजून थोडं थांब. तिचा हात आत्ता कुठं निम्मा भरलाय."

"थांबून मेंढरांला काय घालू बाई, राख?" दगडू म्हणाला. तो चिडून बोलला नव्हता. त्याला खरंच विचारायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी उठलो तेव्हा डोंगर रिकामा होता आणि सिस्टरांच्या दाराला कुलूप होतं. त्या वसाहतीत पुन्हा आल्या नाहीत. पुढं लेकीकडे अंबाजोगाईला राहिल्या, घर विकलं, आणि तिथंच गेल्या. सामान न्यायलाही जावईच आले.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या कुलुपानंतर काही दिवसांनी. हमीदभाई धारूरला एक आमराई बघायला निघाले होते, मीही बसलो त्यांच्याबरोबर. केजच्या पुढं रस्त्यावर मेंढरं आडवी आली आणि पिकअप थांबला. पुढं दगडू, मध्ये मेंढरं, मागं सरजा आणि तिच्यामागं, डोक्यावर पदर, खांद्याला औषधाची पिशवी, पांढरे बूट धुळीनं तांबडे झालेल्या सिस्टर.

"सिस्टर, बसा गाडीत. सोडतो," हमीदभाई म्हणाले.

"मेंढरं बसत्याल का तुमच्या गाडीत? मग? जावा गपचीप, हॉर्न वाजवू नका." आणि लगेच पुढं बघून ओरडल्या, "सरजे, हात वर! खाली सोडू नको, सूज चढंल!"

सरजानं मागं न बघता गुंडाळलेला हात वर धरला. आम्ही मेंढरांच्या मागं हळूहळू चालवत होतो. थोडं गेल्यावर एक कोकरू चालेना. सरजा थांबली, डाव्या हातानं तिनं ते उचललं आणि वळून सिस्टरांच्या अंगावर टाकलं. सिस्टरांना कोकरू धरायची सवय कुठली? ते पोटावरून खाली घसरू लागलं.

"घट धरा की," सरजा म्हणाली. "पाडाल. कसं धरत्यात ते बी कळंना व्हय तुमाला?"

त्या बाईला असं कुणी बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मी वाट बघत राहिलो, आता फटकारा येईल म्हणून. सिस्टरांनी पिशवी मागं सारली, दोन्ही हात कोकराखाली घातले आणि ते छातीशी आवळून धरलं.

"धरलंय," त्या म्हणाल्या, आणि मुकाट्यानं तिच्यामागं चालू लागल्या.